एकदाच उजाडावं म्हणून

सोमवार, ३

वही जुनीच आहे. पुढच्या अर्ध्या भागात विणकामाचे नमुने आहेत, मागची पानं कोरी होती. काम हातात घेतलं की रोजचं रोज लिहून ठेवावं, हे सिस्टरांनी शाळेत असं काही अंगवळणी पाडलं की साठी जवळ आली तरी सुटलेलं नाही.

आज तारांगणाच्या संचालक बाई घरी आल्या होत्या. माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान, चहा घेतानाही नजर घड्याळावर. घुमटाखालचा तो जुना प्रक्षेपक चालवणारा संगणक उन्हाळ्यात जळाला, म्हणाल्या. तसला आता कुठेच मिळत नाही. विश्वस्तांना वाटतं, प्रक्षेपक भंगारात द्यावा आणि घुमटावर तयार चित्रफिती दाखवाव्यात. बाईंना ते नको आहे. त्यांनी महिनाअखेरपर्यंत मुदत मागून घेतली आहे. २९ तारखेला विश्वस्त खुर्च्यांवर येऊन बसणार. अमावास्या ते अमावास्या एक अख्खा महिना आकाश न अडखळता फिरलं, तर यंत्र राहील. नाहीतर दुसऱ्या दिवशी भंगारवाला.

त्याचा प्रोग्राम मी लिहिला होता. चौतीस वर्षं झाली त्याला. माझं पहिलं काम ते. आमची ओळखही त्याच यंत्राच्या सावलीतली. हे तिथले तंत्रज्ञ होते.

बाई गेल्यावर मी यांना सगळं सांगितलं. हे वर्तमानपत्रामागून "हं" म्हणाले. यांचा राग मी समजू शकते. अकरा वर्षांपूर्वी निवृत्तीच्या दिवशी आधीच्या संचालकांनी चारचौघांत म्हटलं होतं, आता बटणं दाबायला माणूस लागणार नाही. यांनी किल्ली टेबलावर ठेवली, आणि त्या पायऱ्या पुन्हा चढायच्या नाहीत असं ठरवलं. तेव्हापासून यांचा फिरायला जायचा रस्तासुद्धा बदलला.

मी स्पष्ट सांगून टाकलं, काम घेतेय, पण मध्येमध्ये सूचना करायच्या नाहीत. हे म्हणाले, "मी कशाला करू?"

मंगळवार, ४

जुना संगणक मिळत नसेल तर नव्या संगणकाला त्याचं सोंग घ्यायला लावायचं, असा हा बेत आहे. ते सोंग माझ्या भाचीनं लिहिलंय, थोरलीच्या मुलीनं. ती दूर असते, फोनवर भेटते. ती एम्युलेटर म्हणते, मी सोंगाड्या म्हणते. माझा जुना प्रोग्राम एका अक्षरानंही न बदलता सोंगाड्याच्या पोटात घातला, की त्याला वाटायला हवं आपण जुन्याच घरात आहोत.

भाची म्हणाली, "मावशी, नव्यानंच का नाही लिहून काढत? आठवड्याचं काम."

मी सांगितलं, त्या प्रोग्राममध्ये चार हजार ताऱ्यांच्या बारीकसारीक खोड्या भरल्यात. कुठली मोटर थंडीत हळू उठते, कुठला दिवा आधी पेटतो. ते सगळं पुन्हा आठवायला मला अजून चौतीस वर्षं लागतील.

"मग तब्येत सांभाळ," म्हणाली. आईची जीभ घेतलीय अगदी.

गुरुवार, ६

तारांगणात गेले. पायऱ्या तितक्याच आहेत, गुडघे तितके नाहीत. दारात आमच्या वेळचे चावीवाले बसले होते. तेच. केस पांढरे झालेत, किल्ल्यांचा जुडगा तोच. मला पाहून उभे राहिले आणि माझ्या मागे बघायला लागले. मी म्हटलं, एकटीच आलेय. "हो का," म्हणाले, आणि बसले.

आत तोच वास, गरम धूळ आणि जुनं कापड. दोन गोळ्यांचं ते काळं यंत्र मधोमध, डोकं खाली घालून उभं असल्यासारखं. माझे डोळे भरून आले. चष्मा पुसायच्या निमित्तानं पुसून घेतले.

सोंगाड्या जोडला, पौर्णिमेची रात्र लावली, दिवे गेले, आणि तारे उगवले. सगळे आपापल्या जागी. सहा रात्री छान गेल्या. सातव्या रात्री पहाट होताना अर्धा चंद्र जो थबकला तो थबकलाच. सूर्य आला, गेला, पुन्हा तारे आले, चंद्र तिथेच. कुणी भिंतीवर टांगून विसरल्यासारखा.

पुन्हा चालवलं. या वेळी तिसऱ्याच रात्री.

शिवाय मोटरी कण्हतायत आणि चंद्राच्या भिंगावर धुळीचा थर आहे. चावीवाल्यांना म्हटलं, कुणीतरी हे पुसायला हवं. म्हणाले, तसा माणूस आता राहिलाय कुठे.

शुक्रवार, ७

चंद्र कुठे अडकतो ते कळलं. का अडकतो ते नाही.

स्वतःलाच समजावून सांगते, म्हणजे डोकं ताळ्यावर येईल. प्रोसेसर म्हणजे घरातलं एकटं कर्तं माणूस. एका वेळी एकच काम करणार. पण घड्याळ, बटणं, चंद्राची मोटर, सगळ्यांना त्याच्याशी बोलायचं असतं. म्हणून दारात एक वेगळी चिप बसवलेली असते, दारवानासारखी. हाका आधी तिच्याकडे जातात, ती एकेक करून आत सोडते. प्रोसेसर नाजूक काम करत असला की दारवानाला सांगतो, आता जरा चंद्राला आत सोडू नकोस. याला मास्क करणं म्हणतात. काम झालं की मास्क काढायचा.

चंद्राची मोटर एक पाऊल टाकते आणि "झालं" म्हणून एकदाच हाक मारते. ती पोचली की तिला पुढच्या पावलाचा हुकूम मिळतो. नाही पोचली तर उभीच राहते. दुसऱ्यांदा हाक मारायची तिची रीत नाही.

पहाटे दिवे मंद करताना प्रोग्राम चंद्राला मास्क करतो. तेव्हाच कुठेतरी हाक हरवते. पण मग खऱ्या यंत्रात चौतीस वर्षं का हरवली नाही?

सोंगाड्याचा दारवान मीच लिहून दिलाय, आठवणीतून. त्या चिपचं माहितीपुस्तक माळ्यावर आहे. पण मला ते तोंडपाठ आहे.

सोमवार, १०

दोन दिवस वाया. माझ्या दारवानाची ओळन् ओळ तपासली. आठवतं त्याबरहुकूम आहे सगळं.

आठवतं. हल्ली मला शेजारच्या नातीचं नाव आठवत नाही, आणि मी चिपच्या गोष्टी करतेय. बाईंना नाही म्हणून सांगावं का? भाचीला फोन लावला आणि भलतंच काहीतरी बोलून ठेवला.

हे संध्याकाळी दोन तास फिरून आले. आधी अर्धा तास जायचे. डॉक्टरांचं ऐकतायत म्हणायचं. बाकी यांचं यांच्यापाशी. दार मात्र तसंच, टक टक टक, तीनदा. किल्ली खिशात असते, तरी तीनदा. लग्नाआधीपासूनची खोड. बटण असो, दार असो, लिफ्ट असो, एकदा दाबून या माणसाचा विश्वास बसत नाही.

बुधवार, १२

सापडलं. आणि कुठे सापडलं ते लिहायलाच हवं.

हे दाढी करताना बोलत नाहीत. गालावर वस्तरा असला की कानात बोळे. आज मी न्हाणीघराच्या दाराशी उभी राहून विचारलं, पाव आणायचाय का. उत्तर नाही. मी चिडून स्वयंपाकघरात आले. वीस मिनिटांनी, बुटाची नाडी बांधता बांधता हे म्हणाले, "आण. आणि लोणीही संपलंय."

लग्न झाल्यापासून ऐकतेय मी हे. ऐकलेलं असतं यांनी, तेव्हाच. धरून ठेवतात, आणि हात मोकळे झाले की उत्तर देतात. मी कपबशी हातात धरून तशीच उभी राहिले. मग माळ्यावर चढले.

माहितीपुस्तकाच्या एकोणिसाव्या पानावर साफ लिहिलंय. मास्क असताना आलेली हाक टाकून द्यायची नसते. दारवान ती टिपून ठेवतो आणि मास्क निघाला की आत सोडतो. माझा दारवान काय करत होता, तर मास्क असेल तर हाक फेकून देत होता. मीच तसं लिहिलं होतं. तोंडपाठ म्हणे!

हे खालून शिडी धरून उभे होते. "पुस्तक मिळालं का?" त्यांना कसं कळलं पुस्तकच शोधतेय ते, कोण जाणे.

शुक्रवार, १४

दारवानाला वही दिली. मास्क असताना आलेली प्रत्येक हाक मोजून ठेवायची आणि मास्क निघाला की एकामागून एक सगळ्या आत सोडायच्या. एकही हरवायची नाही. मला फार बरं वाटलं. कुणाचंही बोलणं वाया जाणार नाही असं घर.

तारांगणात जाऊन चालवलं, पॅनलच्या बटणांशी चावीवाले. चंद्र अख्खा महिना चालला! अमावास्या, कोर, अष्टमी, पौर्णिमा, परत कोर. बाई माझ्या शेजारच्या खुर्चीत होत्या. पौर्णिमेला त्यांनी माझा हात धरला, एकोणतिसाव्या रात्रीपर्यंत सोडला नाही. घड्याळाकडे एकदाही पाहिलं नाही त्यांनी.

बाहेर आल्यावर म्हणाल्या, मोटरींचा आवाजही बंद झालाय, लक्षात आलं का तुमच्या? खरंच आला नव्हता आवाज. मी म्हटलं, हाका वेळेवर पोचल्या की मोटरींना धक्के बसत नाहीत, म्हणून असेल. नंतर वाटलं, हे काही पटण्यासारखं नाही. पण दुसरं कारण सुचत नाही.

चंद्रही उजळ दिसत होता. झाडणाऱ्या बाईंनी भिंग पुसलं असणार, असं चावीवाले म्हणाले. छान पुसलंय, एक रेघ नाही.

सोमवार, १७

आनंद तीन दिवस टिकला.

चावीवाल्यांचा फोन. काल संध्याकाळी यंत्र सहज चालवून पाहिलं तर दोनदा उजाडलं, म्हणाले. मी म्हटलं, म्हणजे? म्हणजे सूर्य वर आला, उजेड झाला, मग पुन्हा काळोख पडला आणि पुन्हा उजाडलं.

मी विचारलं, रविवारी तारांगण बंद असतं, यंत्र चालवलं कुणी? जरा वेळ फोनवर नुसता किल्ल्यांचा आवाज. मग म्हणाले, "मीच. कोळ्याची जाळी काढताना."

यांना सांगितलं तर हे ताटावरून मान वर न करता म्हणाले, "दोनदा उजाडणं वाईटच." हसत होते की घास गिळत होते, कळलं नाही.

बुधवार, १९

सोंगाड्या सगळ्याची नोंद ठेवतो. रविवारची नोंद काढली. पहाटेचं बटण, प्रत्येक रात्र सरताना हातानं दाबायचं ते, तीनदा दाबलंय. तिन्हीत सारखं अंतर, घड्याळानं मोजल्यासारखं. जाळी काढताना धक्का लागून असं होत नाही. पण चावीवाल्यांचं वय झालंय, हात कापत असेल. त्यांना बोलून दाखवलं नाही.

प्रश्न निराळाच आहे. खऱ्या यंत्रावर तर लोक वर्षानुवर्षं बटण तीनतीनदा दाबत होते. तेव्हा कधी दोनदा उजाडलं नाही.

जुन्या प्रोग्रामचा छापील गठ्ठा काढला. पानं पिवळी, कडांना भोकं. पहाटेच्या भागाच्या अगदी शेवटी, बटणाचा मास्क काढायच्या आधी, माझ्याच अक्षरात पेन्सिलनं: "एक हाक जमा असेल तर टाकून दे. हे तीनदा दाबतात."

हे. तेव्हा लग्न व्हायचं होतं, आणि मी एका परक्या तंत्रज्ञाला कागदावर "हे" म्हणून मोकळी झाले होते. कुणी वाचलं असतं तर! बावीस वर्षांची मी, दोन वेण्या, बोटांना शाई. त्या पानावर हात ठेवून बराच वेळ बसले.

पण एक टाकून दे, म्हणजे कसं? तीनदा दाबलं तर पहिल्यानं उजाडायला लागणार, उरल्या दोन. एक टाकली तरी एक उरते, आणि पुन्हा उजाडतं. तेव्हाच्या त्या मुलीला दोन वजा एक येत नव्हतं की काय?

गुरुवार, २०

येत होतं.

सकाळी गादीवर पडल्या पडल्या शाळेतला अभ्यासाचा तास आठवला. वाचन चालू असताना बोलायचं नाही. काही विचारायचं असेल तर हात वर करायचा. सिस्टर पुस्तकातून मान वर करत नसत, पण कसं कोण जाणे त्यांना दिसायचं. शेजारच्या पाटीवर आमच्या नावापुढे खडूची एक खूण करत. तास संपला की खुणा बघून एकेकीला बोलावत. मी उतावळी. पाच पाच वेळा हात वर करायची. आणि तरी माझ्या नावापुढे खूण एकच. एकदा मी तक्रार केली. त्या म्हणाल्या, "बाळ, तू एकच आहेस ना? मग खूण एकच."

दारवानाकडे वही नसते. पाटी असते. एका नावापुढे एक खूण, मग हाक एकदा आलेली असो की दहादा. उरलेल्या दोन दाबण्यांची मिळून एकच खूण, आणि तेवढी ती मुलगी पुसून टाकत होती. एकोणिसाव्या पानाखाली विसावं पान होतं. मी एकोणिसाव्यावरच खूश होऊन पुस्तक मिटलं होतं.

मोजणी काढून टाकली. एक खूण ठेवली. तीन ओळींचं काम, सतरा दिवस आणि दोन चुका. पहिल्यांदा कुणाचंच ऐकायचं नाही, दुसऱ्यांदा सगळ्यांचं सगळं ऐकायचं. मधलं काय ते चिपला ठाऊक होतं.

भाचीला सांगितलं तर खूप हसली. मग म्हणाली, "मावशी, काकांना सांगितलंस का, त्यांच्यासाठी एक ओळ लिहिली होतीस म्हणून?"

नाही सांगितलं. ती ओळ त्यांना कधीच माहीत नव्हती. आता त्या पायऱ्यांचं नाव घरात काढायचं नाही म्हटल्यावर कशाला.

शनिवार, २२

घरी बसून सोंगाड्यावर बटण तीनदा दाबलं. एकदाच उजाडलं. दहादा दाबलं. एकदाच. बाई खूश. तरी विश्वस्तांसमोर मी यंत्राला हात लावायचा नाही, पाहुण्यांत बसायचं, असं त्यांनी बजावलं. लिहिणारीनं शेजारी उभं राहून सांभाळलं तर ते यंत्र चालतं असं म्हणता येत नाही. बरोबर आहे. पॅनलवर चावीवाले बसतील, असं मी धरून चाललेय.

यांच्या नखांत काळं तेल दिसतं चार दिवस. विचारलं तर म्हणाले, ग्रंथालयातल्या बायंडरचं शिलाईयंत्र दुरुस्त करतोय. माझी मऊ मलमलची फडकी कुठे गेली, तर तीही बायंडरकडे. कसलं शिलाईयंत्र आहे देव जाणे, पण माणूस खुशीत असतो. शिट्टी वाजवतो. अकरा वर्षांत ऐकली नव्हती.

बुधवार, २६

आज काही झालं नाही. मोजे विणले. टाच उलटी विणली, उसवली.

शनिवार, २९

यांना म्हटलं, येता का? पहिल्यांदाच विचारलं. बायंडरकडे काम आहे, म्हणाले. मी रागावले नाही, पण निघताना दार जरा जोरात लागलं.

तारांगणात सगळ्यात मागच्या रांगेत बसले. पुढे पाच विश्वस्त, त्यातला एक सुरुवातीपासून हाताची घडी घालून. मधल्या रांगांत कुठल्याशा शाळेच्या मुली. पॅनल माझ्या पाठीमागे, लाकडी आडोशाच्या पलीकडे. चावीवाल्यांनी दार लावलं आणि दारालाच पाठ टेकून उभे राहिले. मला वाटलं, आता जातील आडोशामागे. ते जागचे हलले नाहीत. दिवे मंद होत गेले, पूर्ण गेले, आणि ते तिथेच उभे होते.

मग पॅनलवर कोण, असा विचार मनात यायला आणि तारे उगवायला एकच गाठ पडली. मुली "हा!" म्हणाल्या.

रात्री सरू लागल्या. कोर आली. चंद्र एकेक पाऊल पुढे. पहिल्या सहा पहाटांना मुलींच्या गलक्यात दुसरं काही ऐकू येत नव्हतं; सातव्या रात्री त्या गप्प झाल्या आणि मी खुर्चीच्या कडेला सरकले. पहाटेची वेळ झाली.

पाठीमागे, काळोखात, आडोशाच्या पलीकडून आवाज आला. टक. टक. टक.

मी वळून पाहिलं नाही. काळोखात काय दिसणार होतं? आणि न पाहता काय कळायचं राहिलं होतं? गप्प झालेल्या मोटरी, पुसलेलं भिंग, मलमलची फडकी, दोन तासांचं फिरणं, सगळ्या हाका एकदम आत आल्या. सतरा दिवस मी स्वतःला शहाणी समजत होते.

पूर्वेकडची कड उजळली, तांबडी झाली, सूर्य वर आला. चंद्र मध्यरात्रीच मावळून आपल्या वाटेला लागला होता. मी मोजत राहिले. पुन्हा काळोख पडला नाही. एकदाच उजाडलं.

पुढच्या बावीस पहाटा मी तारे पाहिलेच नाहीत. पहाट आली की पाठीमागचे तीन टक ऐकायचे, एवढंच.

शेवटी हाताची घडी घातलेले विश्वस्त उठले आणि म्हणाले, हे यंत्र इथून हलवायची गरज नाही. बाई माझ्याकडे यायला निघाल्या, पण मुलींनी त्यांना वाटेतच गाठलं. मी आडोशामागे डोकावले तर खुर्ची रिकामी, अजून कोमट. मागचं दार उघडं. चावीवाले छताकडे बघत होते.

घरी आले तर हे वर्तमानपत्र वाचत बसलेले. कसं झालं, विचारलं. छान झालं, म्हटलं. शिलाईयंत्र? "चालू झालं एकदाचं," म्हणाले.

रविवार, ३०

सकाळी हे दाढी करत होते. मी न्हाणीघराच्या दाराशी उभी राहिले. रात्री उशाशी घेतलेलं ते पिवळं पान मी आधीच यांच्या चहाच्या कपाखाली ठेवलं होतं, पेन्सिलची ओळ वर येईल असं.

"अहो," मी विचारलं, "काल प्रत्येक वेळी तीनदाच दाबलंत?"

वस्तरा थांबला नाही. उत्तर नाही. मी पुन्हा विचारलं नाही. स्वयंपाकघरात येऊन पाव कापले, लोणी काढलं, मोज्याच्या टाचेचे टाके मोजत बसले.

हे आले, खुर्ची ओढली, कप उचलला. पान दिसलं. चष्मा शोधला, तो डोक्यावरच होता. वाचलं. चहा निवला तरी वाचतच होते, आणि ओळ तर एवढीशी.

मग कप बाजूला ठेवून म्हणाले, "तीनदाच. आणि तू तेव्हाच 'हे' लिहिलं होतंस?"

मी टाके मोजत राहिले. टाच पुरी झाल्यावर "हो" म्हटलं.